मोजायला स्वच्छ

ही हकीकत मी आजवर चार वेळा सांगायला घेतली आणि चारही वेळा दुसऱ्याच गोष्टीवर गेलो. एकदा मुलाला सांगता सांगता बागेतल्या गळक्या नळाचं काढलं. एकदा गणपतीच्या जेवणात एका भल्या माणसाने सरळच विचारलं, "काका, ते बर्फवाले डॉक तुमच्या ओळखीचे होते ना?" मी म्हणालो, आमटी फार छान झाली आहे. आता मला चौऱ्याहत्तरावं लागलं. टाळायला फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून लिहितो. क्रम नीट लागेल याची खात्री देत नाही. कोविडच्या त्या दोन वर्षांत एक वार दुसऱ्या वारापासून वेगळा ओळखू येत नव्हता. शिवाय काही गोष्टी मी मनात इतक्या घोळवल्या आहेत, की त्यातल्या घडल्या कुठल्या आणि घोळता घोळता तयार झाल्या कुठल्या, हे आता मलाच सांगता येत नाही.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांची बहीण हयात आहे. युनिमध्ये, म्हणजे इथल्या विद्यापीठात, सगळे त्यांना 'डॉक' म्हणत. डॉक्टरेट त्यांच्याकडे नव्हतीच. जळगावहून शिकायला आले, प्रबंध अर्धा टाकला आणि तिथेच होज, म्हणजे पाण्याच्या लांब रबरी नळ्या, गुंडाळायला लागले, ते चाळीस वर्षं गुंडाळत राहिले. मी त्यांना 'डॉक्टर' म्हणायचो आणि ते मला 'पंपवाले'. वयाने ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, पण आमचं अहो-जाहो कधी सुटलं नाही.

मॉसन लेक्स या इथल्या उपनगरात मुलाच्या घराजवळ एक तळं आहे. खोदून केलेलं. काठाला बाकं, पाण्यात बदकं. बायको गेल्यावर मी पिंपरीचं घर बंद करून इकडे परदेशात मुलाकडे आलो आणि रोज दुपारी, इथल्या भाषेत आर्वोला, बाकावर बसून पिंपरीला फोन लावायचो. तिकडे माझा जोडीदार होता. फिटर. एकाच पंपाच्या कारखान्यात आम्ही तीस वर्षं काढली. त्या दिवशी तो विचारत होता, सोसायटीचा पंप गळतोय, नवा घ्यावा का. शेजारच्या बाकावर एक माणूस तळ्याकडे पाठ करून बसला होता. छातीपर्यंत पांढरी दाढी, अंगात निळी डांगरी, हातात रबरी मोजे. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "सील बदला म्हणावं. पंप मरत नाही, सील मरतं."

मी फोन बाजूला धरला. "आपण मराठी?"

"जळगाव. तुम्ही पंपवाले दिसता."

"होतो. रिटायर झालो."

"पंपवाला रिटायर होत नसतो. गळती दिसली की उठतोच तो. तीन प्लंजरचा हाय प्रेशर पंप उघडलाय कधी?"

"उघडलाय, जोडलाय, परत उघडलाय."

"मग उद्या नऊला युनिच्या शेडवर या. आंघोळ करून या. साबण लावू नका."

साबण का नको, हे विचारायचं सोडून मी विचारलं, तळ्याकडे पाठ करून का बसलात. "हे तळं नाही हो, टाकी आहे," ते म्हणाले. "बदकं सोडली म्हणून टाकीचं तळं होत नाही."

साबणाचा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. वासाच्या साबणातलं तेल अंगावर राहतं आणि ते म्हणजे जंतूंचं जेवण. हे शास्त्र खरं की त्यांचं स्वतःचं, हे मला आजही माहीत नाही. त्यांच्या बाबतीत ते कधीच कळायचं नाही.

शेडमध्ये काय चालायचं ते सांगतो. दक्षिण ध्रुवाकडे बर्फाचा थर काही ठिकाणी किलोमीटरच्या हिशेबात जाड आहे. त्याच्या तळाशी, खाली खडक आणि वर बर्फ, अशा अंधारात पाण्याची तळी आहेत. पृथ्वीच्या पोटातली ऊब आणि वरचा भार यांमुळे तिथलं पाणी गोठत नाही. लाखो वर्षं त्या पाण्याला वरची हवा लागलेली नाही. त्यात काही जगतं का, जगत असेल तर कशावर, हे बघायचं तर भोक पाडायला हवं. तिथलाच बर्फ वितळवायचा, ते पाणी तापवायचं, पंपाने दाबून लांबच लांब होजमधून खाली सोडायचं. होजच्या तोंडातून कढत पाण्याची धार सुटते आणि बर्फ वितळवत खाली जाते. भोक दिवसभर उघडं राहतं, मग बाजूंनी परत गोठू लागतं. म्हणजे जे काय बघायचं ते तेवढ्यात.

पण भोक पाडणं सोपं. अवघड असतं आपली घाण खाली न नेणं. एवढा खटाटोप करून वर आलेल्या पाण्यात जंतू सापडले आणि ते तळ्याचे नसून आपल्याच बोटावरचे निघाले, तर सगळंच फुकट. म्हणून धारेचं पाणी आधी बारीक फिल्टरमधून जायचं, मग अतिनील दिव्यांखालून, आणि होज बाहेरूनही पुसली जायची. हे सगळं डॉक्टरांच्या ताब्यात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "पंपवाले, होजच्या बाहेरची घाण वेगळी आणि आतली वेगळी. बाहेरच्या हाताचं आतल्या पाण्यात काही जात नाही. आत जातं ते फिल्टरच्या पुढच्या सांध्यातून. तो सांधा म्हणजे आपला देव्हारा."

शब्द त्यांचाच होता. मी तो फार मनावर घेतला.

शेडमध्ये कुणीही नवीन आलं की ते त्याच्यापुढे काचेची छोटी बशी धरायचे. तिच्यात जेलीसारखं काहीतरी असायचं. "अंगठा." माणूस अंगठा दाबायचा. चार दिवसांनी त्या ठशावर पांढरे, पिवळे, गुलाबी ठिपके उगवले की ते बशी घेऊन त्याला गाठायचे आणि कौतुकाने म्हणायचे, "ही तुमची बाग." माझ्या बशीत चौदा ठिपके आले होते. "चांगलं आहे," ते म्हणाले, "माणूस दिसायला स्वच्छ असतो किंवा मोजायला स्वच्छ असतो. तुम्ही मोजायला बरे आहात." मी घरी येऊन हे अभिमानाने सांगितलं. सून म्हणाली, "बाबा, हे कॉम्प्लिमेंट आहे का?" पुढे ते आमच्याकडे जेवायला आले तेव्हा तिच्या ओट्यावरही एक बशी दाबून गेले आणि आठवड्याने ती फुललेली बाग तिला भेट द्यायला आले. सून दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही.

याच माणसाने त्या जेवणात भरीत पाहिलं, मोजे काढून खिशात कोंबले आणि दोन्ही हातांनी ओरपलं. "जळगावचं वांगं नाही," ते म्हणाले, "पण पाप पोटात घालतो." त्यांचं स्वतःचं घर बघितलं तेव्हा तर मी दारातच थांबलो. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, गादीवर कागद, खिडकीत मेलेल्या माश्या.

"अहो डॉक्टर, हे काय?"

"इथे मी राहतो हो. तळं कुठे राहतं इथे?"

मग कोविड आला. सगळी माणसं मोजे घालू लागली, कोपराने दारं उघडू लागली, डबे पुसू लागली. मला वाटलं, आता यांचे दिवस आले. झालं उलटंच. त्यांची सारखी चिडचिड व्हायला लागली. एकदा सुपरमार्केटच्या दारात एक बाई ट्रॉलीचा दांडा पुसत होती. हे तिच्यामागे जाऊन उभे राहिले. "नॉट लाइक दॅट, लव्ह. ओला राहू दे, वाळायच्या आत पुसलंस तर काय उपयोग?" ती दचकली. मग हे तिथेच उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे बघायला लागले. सिक्युरिटीचा पंजाबी मुलगा मला म्हणाला, "अंकल, इनको ले जाओ प्लीज." परतताना ते म्हणाले, "चाळीस वर्षं हे लोक मला वेडा म्हणत होते. आता सगळे माझं वेड चुकीचं करतायत."

त्या वर्षी बर्फावर जाणाऱ्यांची संख्या कापली. आमच्या तुकडीत सहा जण ठरले होते ते तीनवर आले. डॉक्टरांचं नाव तिघांत राहिलं, कारण त्यांच्याशिवाय ती यंत्रणा स्वच्छ ठेवणार कोण? आधी ते तीनदा बर्फावर गेले होते, पण दुसऱ्यांच्या कामाची भोकं पाडायला. तळ्यावर कधीच नाही. दर वर्षी मेडिकल, म्हणजे तब्येतीची तपासणी, द्यावी लागायची, आणि या वेळी डॉक्टरणीने सांगितलं होतं की ही शेवटचीच सही.

मी एकदा विचारलं, "तिथे जाऊन तुम्हाला दिसणार काय? खाली तर अंधार."

"दिसायचं काही नसतं. भोकातलं पाणी असतं ना, ते आपण मुद्दाम थोडं खाली ठेवतो. तळ्याला भोक मिळालं की तळं ते पाणी एकदम वर उचलतं. माणूस झोपेत श्वास घेतो तसं. तेवढं एकदा बघायचंय, पंपवाले."

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. मी मान हलवली.

शेडमध्ये तेव्हा एका वेळी दोघांनाच परवानगी होती आणि दारात एक वही ठेवली होती. आत जाताना नाव आणि वेळ लिहायची. मी तर पगारावरही नव्हतो. मुलगा युनिच्या आयटीमध्ये, त्याच्या शब्दावर मला मदतनीस म्हणून येऊ देत.

दसऱ्याच्या आठवड्यात मोठी चाचणी होती. पूर्ण यंत्रणा दिवसभर चालवायची, होजच्या टोकाचं पाणी तपासायला द्यायचं, ते स्वच्छ निघालं की सामान होबार्टला आणि तिथून जहाजावर. चाचणीच्या तीन दिवस आधी डॉक्टरांनी मला किल्ली दिली. फिल्टरच्या पुढच्या सांध्याचं सील त्यांना बारीक चिरलेलं वाटत होतं. "देव्हाऱ्याचं काम आहे. तुमच्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही. मी मेडिकलला जातोय, तुम्ही उरकून टाका. दहा मिनिटांचं काम."

त्या दिवशी खंडेनवमी होती.

पिंपरीत खंडेनवमीला आमच्या खात्यात यंत्रांची पूजा व्हायची. मशीन पुसायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडू घालायचा, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी फुलाने सगळ्या यंत्रांवर शिंपडायचं. नारळ फोडायचा मान माझ्या जोडीदाराचा. तीस वर्षं त्यानेच फोडला. आणि त्या वर्षी, खंडेनवमीच्या नऊ दिवस आधी, तो ऑक्सिजनवर असतानाच गेला. मला फोनवर कळलं. जायचा प्रश्नच नव्हता, विमानं बंद. मी त्याच्यासाठी काहीच केलं नव्हतं. रडलोही नव्हतो. त्या सकाळी किल्ली खिशात घातली, इंडियन स्टोअरमधून नारळ घेतला, झेंडू मिळाला नाही म्हणून एक केशरी जर्बेरा घेतला आणि शेडवर गेलो.

वहीत नाव लिहिलं नाही. दहा मिनिटांसाठी काय लिहायचं, असं वाटलं. की पिशवीत नारळ होता म्हणून लिहिलं नाही? आता सांगता येत नाही.

मागच्या दाराबाहेर काँक्रीटवर नारळ फोडला. एकाच घावात फुटला. तो नेहमी म्हणायचा, एका घावात फुटला की वर्ष चांगलं. करवंटीत पाणी धरून आत आलो. पंपाला हळद-कुंकवाचं बोट लावलं, होज गुंडाळायच्या ड्रमला लावलं, आणि फुलाने पाणी शिंपडलं. पंपावर, ड्रमवर, फिल्टरवर. त्याचं नाव घेतलं. मग मात्र खूप रडलो, मास्क पार भिजला.

आता मूळ मुद्दा. सांध्याचं झाकण तेव्हा उघडं होतं की बंद?

रीत अशी की पूजा झाल्यावर त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. म्हणजे मी आधी सील बदललं असणार, झाकण लावलं असणार, आणि मग पूजा केली असणार. तीस वर्षांची सवय आहे, ती मोडेन कसा? पण मला असंही आठवतं की झाकण बाकावर करवंटीशेजारी पालथं पडलं होतं, मी ते उचललं तेव्हा त्यावर माझ्या बोटाचं कुंकू होतं आणि मी ते रुमालाने पुसलं. हातरुमालाने. देव्हाऱ्याचं झाकण. हे खरं असेल तर सांधा उघडा होता, आणि नारळाचं पाणी, जे जंतूंना साखरेच्या पाकासारखं, फिल्टरच्या पुढे आत गेलं आणि तीन दिवस तिथे मुरलं. हे आठवणं खरं आहे की नंतरच्या भीतीने रचलेलं, हा गुंता मी रोज सोडवायला बसतो आणि रोज तो जास्तच होतो.

चाचणीचं पाणी घाण निघालं. थोडंथोडकं नाही. डॉक्टर म्हणाले, इतके जंतू तर समोरच्या बदकांच्या टाकीतही नसतील.

तुकडीच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना शेडबाहेरच्या हिरवळीवर बोलावलं. लांब लांब खुर्च्या, सगळ्यांचे मास्क. बाई सरळ होत्या, आवाज न चढवता बोलायच्या. त्यांच्या हातात ती वही होती.

"चाचणीआधीच्या आठवड्यात आत फक्त तुझंच नाव आहे, डॉक. आणखी कोणी होतं का?"

मी डॉक्टरांपासून चार पावलांवर बसलो होतो. किल्ली त्यांनीच मला दिली होती.

"नो," ते म्हणाले. "ओन्ली मी."

बाईंनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं असेल. मी हिरवळीकडे बघत होतो.

नंतर पार्किंगमध्ये मी म्हणालो, "डॉक्टर, मी आलो होतो की त्या दिवशी."

"वहीत तुमचं नाव नाही. उगाच तुम्हाला शेड बंद होईल आणि मुलाला बोल लागेल. सीलने जंतू येत नसतात हो. तुमचं काम मला माहीत आहे."

त्याच क्षणी सांगायचं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण डोळ्यांपुढे काय उभं राहिलं ते खरं सांगतो. ते गोरे चेहरे, त्यांचं हसू न यायचा प्रयत्न करणं, आणि पुढे कित्येक वर्षं युनिच्या चहापाण्यात सांगितली जाणारी गोष्ट, की एका इंडियन म्हाताऱ्याने विज्ञानाच्या यंत्रावर नारळ शिंपडला. मुलाला ती ऐकावी लागली असती. आणि माझा जोडीदार, त्याचं मरण, हे सगळं त्या विनोदात गेलं असतं. मी म्हणालो, "उद्या बोलू." उद्या बोललो नाही.

त्यानंतरचे दिवस मला फार वाईट आठवतात. पंधरा दिवसांत कारण सापडलं नाही तर दुसरा माणूस नेऊ, असं बाईंनी सांगितलं होतं. डॉक्टर कारण शोधायला लागले ते स्वतःच्याच अंगावर. रोज नव्या बशा. नखं, कान, श्वास, केस. एके दिवशी सकाळी शेडच्या दारात एक अनोळखी म्हातारा उभा दिसला. डोकं गुळगुळीत, भुवया नाहीत, हनुवटी लहान मुलासारखी मऊ. मोजे बघून ओळखलं.

"दाढीत असेल असं वाटलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षांची होती. कोण जाणे काय काय राहत असेल तिच्यात."

"अहो, पण भुवया?"

"भुवया तरी कशाला ठेवायच्या? पंपवाले, तुम्ही असे का बघताय? इतका वाईट दिसतो का?"

मी म्हणालो, "नाही हो, तरुण दिसता." ते हसले. भुवया नसलेला माणूस हसतो तेव्हा त्याला आश्चर्य वाटतंय की आनंद होतोय, हे कळत नाही.

त्यांच्या जागी दुसरा घेतला. सांधे, फिल्टर, होजचं पुढचं टोक, सगळं बदललं. त्यानंतर महिन्याभरात तो अख्खा हंगामच कोविडमुळे रद्द झाला. कोणीच गेलं नाही. मी घरी येऊन मुलाला म्हणालो, "म्हणजे डॉक्टर नाहीतरी गेलेच नसते." तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "येस बाबा, बट नेक्स्ट इयर?" पुढच्या वर्षी तुकडी गेली. त्यांना कोणी विचारलं नाही. ती तळ्यापर्यंत पोचली की नाही, हे मी मुद्दाम विचारलेलं नाही.

डॉक्टर दरम्यान दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला, बहिणीकडे निघून गेले होते. मधे राज्यांच्या सीमा बंद. फोन व्हायचे, पण ते बोलायचे टोमॅटोबद्दल. सीमा उघडल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी ब्रिस्बेनला उतरलो आणि बसने टूवूंबाला निघालो. काय बोलायचं ते कागदावर लिहून पाठ केलं होतं. बसमध्ये ओठ हलवत होतो, तर शेजारच्या बाईने विचारलं, "यू ऑलराइट, डार्ल?"

बहीण गाडी घेऊन आली होती. ती तिथल्याच हॉस्पिटलात नर्स होती, आता निवृत्त. गाडीत म्हणाली, "दादाचं हृदय बरं नाही हं. चढ-उतार नको म्हणलंय. तुम्ही आलात ते बरं झालं, कोणाशी बोलतच नाही."

ते मागच्या अंगणात लाल मातीत बसले होते. उघड्या हातांनी माती उकरत. मोजे नाहीत. मला पाहिल्यावर उठले आणि त्याच मातीच्या हाताने त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भुवया परत आल्या होत्या, पण वेड्यावाकड्या. आम्ही व्हरांड्यात चहा घेतला. मी कागद खिशात चाचपत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "एक सांगू का? कोणाला सांगितलेलं नाही."

"सांगा."

"चाचणीच्या आदल्या दिवशी मी मोजा काढून होजला हात लावला. उघडा. सगळा तळवा टेकवला. इतकी वर्षं ती सांभाळली, कधी शिवलो नव्हतो. म्हटलं, आता ती आणि मी दोघं बर्फावर जाणार, एकदा तरी. तेवढ्याने झालं ते."

मी कप खाली ठेवला. बाहेरच्या हाताचं आतल्या पाण्यात काही जात नाही, हे मला ज्याने शिकवलं तोच माणूस समोर बसून हे सांगत होता. हे त्यांना कळत नव्हतं, असं कसं मानू? मग ते असं का म्हणाले? त्यांना कुठेतरी काही सापडलं होतं का, ड्रमच्या खाचेत हळद, मागच्या दाराशी नारळाची शेंडी, आणि मला बोलायला वाट करून देत होते? की माणूस कारण सापडेना म्हणून थकतो आणि शेवटी हाताशी येईल ते उचलतो, तसं काही होतं? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावरून काही कळलं नाही.

"तुम्हाला काय वाटतं, पंपवाले? त्यानेच झालं असेल ना?"

ते थांबले होते. चहावर साय धरली.

मी म्हणालो, "असेल."

त्यांनी मान हलवली आणि मला टोमॅटो दाखवायला घेऊन गेले.

निघताना ते गाडीपर्यंत आले. काच खाली होती. "काही म्हणायचं राहिलं का हो?" मी म्हणालो, "नाही, नाही. तब्येत सांभाळा." बहिणीने गाडी काढली.

त्या हिवाळ्यात ते गेले. बहिणीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "शेवटी शेवटी एकच धरून बसला होता, माझ्या हातानेच घाण झाली म्हणून. तुम्हाला काही माहीत आहे का हो, कसली घाण?" मी म्हणालो, लाईन नीट येत नाहीये.

नंतर मी शेडवर गेलो. वही दुरुस्त करावी, माझं नाव आणि वेळ घालावी, असं मनात होतं. तिथल्या नव्या मुलीने सांगितलं, त्या कागदी वह्या सगळ्या टाकून दिल्या. "नो वरीज," ती म्हणाली, "कोणी विचारणार नाही आता."

टूवूंबाच्या व्हरांड्यात खिशातून बाहेर न आलेला तो कागद इथे उतरवतो. त्यात नंतर दोन ओळी घातल्या आहेत, त्या कोणत्या ते वाचणाऱ्याला कळेल.

डॉक्टर, खंडेनवमीला मी शेडमध्ये नारळ फोडला आणि त्याचं पाणी फिल्टरवर शिंपडलं. झाकण उघडं होतं की बंद, ते मला खात्रीने सांगता येत नाही, पण उघडं होतं असं मला वाटतं. हिरवळीवर तुम्ही 'फक्त मीच' म्हणालात तेव्हा मी चार पावलांवर होतो आणि गप्प बसलो. तुम्ही भुवया काढल्यात तेव्हाही गप्प बसलो. तुमच्या तळव्याने काही झालं नव्हतं. मी 'असेल' म्हणालो ते खोटं होतं, आणि म्हणताना मला ते माहीत होतं. तुमची जागा माझ्यामुळे गेली. मला माफ करा.